रोज्यातला गूळ

रमजानला स्वतःचा असा ऋतू नाही. गणपती पावसात येतात, दिवाळी थंडी घेऊन येते, त्यांच्या येण्याची हवेलाच आधी कुणकुण लागलेली असते. रमजान मात्र चंद्राच्या चालीनं चालतो. दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि असा सरकत सरकत ऊन, पाऊस, थंडी सगळं फिरून साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच हवेत येऊन उभा राहतो. म्हणजे एकाच हवेतला रमजान माणसाच्या वाट्याला फार तर दोनदा येणार, आणि आयुष्य लांबलं तर तिसऱ्यांदा. शाळेत भूगोल शिकवताना मी हे मुलांना फळ्यावर आकडे मांडून सांगते. यंदा ते पहिल्यांदा अंगाला कळलं.

यंदाचा रमजान फाल्गुनात आला. पहाटे सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाला, उठलं की पाय गार फरशीवर ठेववत नव्हते आणि दुपारी दोनला शाळेच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. बारामतीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यांच्यातून सांडलेल्या कांड्या, दहावीची परीक्षा, ज्वारीची कणसं मोडणाऱ्या बायांची लगबग. एका संध्याकाळी घरी परतताना कुठून तरी गुऱ्हाळाचा वास आला. उकळत्या रसाचा, किंचित धुरकट, घशात चिकटून बसणारा. मी स्कूटर बाजूला घेतली आणि तिथंच उभी राहिले. पोट रिकामं होतं आणि डोळे भरले होते. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलंसुद्धा, मॅडम, पेट्रोल संपलं का म्हणून.

ही हवा मला ठाऊक होती. तेहतीस वर्षांपूर्वी मी बावीस वर्षांची होते, अंथुर्ण्याला सासरी होते, आणि अल्लाहची मला फार भीती वाटत होती.

भीती मी माहेराहून घेऊन गेले होते. बारामतीत अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि आम्ही भावंडं शाळा सुटल्यावर मशिदीतल्या मकतबात जायचो. तिथं मौलवीसाहेब ईमान पाठ करून घ्यायचे. अल्लाहवर, त्याच्या फरिश्त्यांवर, त्याच्या किताबांवर, पैगंबरांवर, आखिरतच्या म्हणजे अखेरच्या न्यायाच्या दिवसावर आणि तकदीरवर विश्वास. मग इस्लामचे पाच पाये, कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज. मी हे सगळं घडाघडा म्हणायचे. मौलवीसाहेब खूश होऊन मला पुढच्या रांगेत बसवायचे. त्यातलं मनात काय उतरलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मनात उतरले होते ते दोन फरिश्ते. एक उजव्या खांद्यावर, चांगलं लिहिणारा. एक डाव्या खांद्यावर, वाईट लिहिणारा. अब्बा डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटातलं बारीकसारीक बघत, तसाच तो डावीकडचा माझ्याकडे बघत असणार, याबद्दल मला शंका नव्हती. अल्लाह रहमानही आहे, रहीमही आहे, दयाळू आहे, हे दिवसातून कितीदा तरी माझ्या तोंडून जायचं, पण ते नुसतं तोंडून जायचं.

अंथुर्ण्याला माझे सासरे गुळव्या होते. गावाला ते कासमभाई आणि घराला आबा. तात्या म्हणून एक बागायतदार होते, उसाचे मोठे शेतकरी. त्यांच्या गुऱ्हाळावर आबांनी उभी हयात काढली. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा मालक नव्हे, पण मालकाचंही तिथं चालत नाही. रस काहिलीत, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईत, पडला की खालच्या चुलवाणात चिपाड किती घालायचं, मळी कधी काढायची आणि मुख्य म्हणजे काहील आगीवरून कधी उतरवायची, हे गुळव्या सांगणार. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर काळा पडतो. मधल्या त्या दोन-चार मिनिटांसाठी गुळव्याला मान असतो. आबा उंच, सडसडीत, कमी बोलणारे. चुलवाणाच्या धगीपुढे ते रमजानचे तीसही रोजे धरायचे, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढायचे नाहीत. माझे अब्बा दुपारी पंख्याखाली बसून चार वेळा घड्याळ बघायचे. अर्थात त्यांचा धंदाच तो होता.

मी म्हणतेय त्या रमजानाच्या आदल्या वर्षी, रोजे आले तेव्हा मला दुसरा महिना होता. उलट्या थांबत नव्हत्या. आईनं निरोप धाडला, रोजे धरू नकोस, गरोदर बाईला सूट असते, मागाहून भरून दे. मी सुटकेचा श्वास टाकला आणि दुपारी पोटभर जेवले. ईद झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात ते मूल गेलं.

कुणी मला बोल लावला नाही. अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चाळीस दिवस मला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही. पण मी मनात दोन आणि दोन चार करून टाकले होते. मी त्याचे रोजे सोडले, त्यानं माझं मूल काढून घेतलं. सूटबिट सगळी माणसांनी सोयीनं सांगितलेली, डावीकडच्यानं लिहायचं ते लिहिलंच, असं माझं पक्कं झालं. आज हे लिहिताना त्या मुलीची मला कीव येते आणि थोडा रागही येतो. जगातला सगळ्यात दयाळू म्हणून जो शिकवला, त्याला तिनं सूड उगवणारा करून टाकलं होतं. पण दुःखात माणसाला कारण लागतं, आणि स्वतःचा दोष हे हाताशी असलेलं पहिलं कारण.

पुढच्या रमजानाला मला पाचवा महिना होता. मी जाहीर केलं की यंदा एकही रोजा सोडणार नाही.

अम्मांनी समजावलं. इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मूल हवं तसं वाढत नाहीये, वेळच्या वेळी खा, पाणी पी, नाहीतर जिवाला धोका आहे, असं स्पष्ट सांगितलं. माझे यजमान सलीम साखर कारखान्यात फिटर होते, हंगाम जोरात, पाळ्या लागलेल्या. ते दोनदा प्रेमानं आणि एकदा ओरडून बोलले. शेवटी अम्मांनी गावातल्या मौलानांकडून निरोप आणवला. आजारी, प्रवासी, पोटुशी, अंगावर पाजणारी, या सगळ्यांसाठी वाट मोकळी ठेवलेली आहे, हट्ट करू नये. मी पदर डोक्यावर नीट केला, सगळ्यांना हो हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रोज्याची नियत केली. दहाव्या रोज्याला नळावर भोवळ येऊन बसले. शेजारणीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर मी दात घट्ट मिटून घेतले. पोटातलं मूल त्या दिवशी हललं नाही. मी रात्रभर पोटावर हात ठेवून जागी होते आणि तरीही सहेरीला उठले, हे सांगायला मला आज लाज वाटते.

आबा यातलं काहीच बोलले नव्हते. सासऱ्यानं सुनेच्या असल्या गोष्टीत बोलायचं नसतं, आणि आमच्यात तसंही बोलणं म्हणजे पाणी दे, कंदील कुठाय, एवढंच. त्यांना घरात काय चाललंय हे कळत असेल, असं मला वाटतच नव्हतं.

बाराव्या रोज्याला दुपारी चारच्या सुमाराला निरोप आला. आबांनी सूनबाईला गुऱ्हाळावर बोलावलंय, लगेच. अम्मा म्हणाल्या, जा, हळू जा. मी कालव्याच्या कडेकडेनं गेले. तिथं हरभऱ्याचं रान नुकतंच उपटून झालं होतं आणि वाळल्या घाट्यांचा खारट वास येत होता. तोंडाला कोरड पडलेली. गुऱ्हाळावर काहील रटरटत होती, सगळीकडे वाफ. तात्या बाजेवर बसले होते. आबा काहिलीपाशी घामानं निथळत उभे होते, आणि मला बघून त्यांनी कपाळ पुसलं.

त्यांनी कारण सांगितलं. गूळ चवीवर उतरवायचा असतो आणि रोज्यात त्यांना चव बघता येत नाही. दरवर्षी रमजानात तात्या त्यांच्यासाठी चव बघायचे, पण तात्यांना आता साखरेचा आजार निघालाय, डॉक्टरनं गोड बंद केलंय. बाकी गडी सगळे तंबाखू खाणारे, त्यांच्या जिभा मेलेल्या. एवढं सलग मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी फावड्याच्या टोकावरची घट्ट काकवी बादलीतल्या गार पाण्यात सोडली, बोटांत घेऊन तिची गोळी केली आणि उसाच्या पाल्यावर ठेवून माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "आबा, मला रोजा आहे."

"व्हय, मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पर तुला अल्लानं मोकळीक दिलीया. मला न्हाय दिली. माझी जीभ बांधलेली हाय, म्हनून तुझी मागतोय."

मी हात पुढे केला नाही. त्यांनी मागं वळून काहिलीकडं बघितलं.

"लवकर, पोरी. काहील थांबत न्हाय."

खरंच थांबत नव्हती. बुडबुडे मोठे होत चालले होते, गडी फावडी रोवून आमच्याकडे बघत होते. तात्यांचा ऊस त्या काहिलीत होता, आबांचं नाव त्यात होतं, आणि सगळ्यांची वाट माझ्या मिटलेल्या तोंडानं अडवली होती. बारा दिवस डॉक्टरीण, मौलाना, नवरा यांना मी दाद दिली नव्हती. त्यांनी मला माझ्यासाठी खायला सांगितलं होतं. हा माणूस त्याच्यासाठी सांगत होता. मी गोळी उचलून तोंडात टाकली.

त्या गुळाबद्दल मी काय लिहू. गरम, ओलसर, चिकट, कडेला किंचित खारट. जीभ, टाळा, घसा एकेक करून जागं झालं. आणि थोड्या वेळानं, मी तिथंच उभी असताना, पोटात मूल हललं. मी चटकन पदर तोंडाशी धरला. रडू येत होतं आणि गूळही संपवायचा होता.

"कसा हाय?" आबांनी विचारलं.

मी गंभीरपणे म्हटलं, "अजून थोडा कच्चा लागतोय."

आता खरं सांगायला हरकत नाही. मला गुळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बारामतीत आम्ही गूळ वाण्याकडून आणायचो. मला फक्त आणखी एक गोळी हवी होती. आबांनी मान डोलावली, काहील तशीच ठेवली, थोड्या वेळानं दुसरी गोळी दिली. मी म्हटलं, जवळ आलाय. तिसरी दिली. तिसऱ्या गोळीनंतर मी म्हटलं, झाला. काहील उतरली तेव्हा गूळ काळपट पडला होता आणि जळका वास सुटला होता. ढेप बसली ती दगडासारखी. तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते दुसरीकडेच बघत राहिले. मला वाटलं, रागावले.

आबा रागावले नाहीत. मला म्हणाले, "उपाशी जिभेला बरोबर कळत न्हाय. उद्या येताना जेवून ये."

आणि मी दुसऱ्या दिवशी जेवून गेले. तिसऱ्या दिवशीही. बाराव्या रोज्यापासून चंद्र दिसेपर्यंत रोज सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, आणि चार वाजता कालव्याच्या कडेनं गुऱ्हाळावर. अम्मा माझ्या ताटात न विचारता तूप वाढायच्या. मला वाटायचं, मी कामाची झाले. आबांची जीभ म्हणून गडी मला बाजूला होऊन वाट द्यायचे. पुढच्या गुळाला मी हळूहळू शहाणी झाले. एका गोळीतच झाला म्हणायला शिकले, आणि नवल म्हणजे प्रत्येक वेळी बरोबर निघत गेले. आबा तेवढ्यापुरतं हसायचे.

त्या दिवसांत माझ्या आत काय झालं, ते मला नीट मांडता येईल असं वाटत नाही. कर्माचं मोल नियतीवर ठरतं, नियत म्हणजे मनातला हेतू, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं. चालत जाता जाता मी माझ्या पहिल्या अकरा रोज्यांची नियत तपासायला लागले, तर तिथं भक्ती कमी आणि सौदा जास्त निघाला. मी रोजे देते, तू मूल दे. तकदीरवर विश्वास म्हणजे जे आलं ते त्याच्याकडून आलं म्हणून हातात घ्यायचं. मी मात्र त्याच्या तोंडावर पावती फेकायला निघाले होते. आदल्या वर्षीचं मूल शिक्षा म्हणून गेलं नव्हतं. ते गेलं होतं, एवढंच. हे मला कालव्याच्या कडेला, पोटभर जेवलेल्या अवस्थेत, एका दुपारी कळलं. त्या दिवशी मी त्या मुलासाठी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

त्या साली चंद्र एकोणतिसाव्या रोज्यालाच दिसला, आणि गुढीपाडवा आणि ईद पाठोपाठ आले. तात्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या, आमच्याकडून शीरखुर्मा गेला. ईदेच्या दुपारी अब्बा मला बारामतीला न्यायला आले, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. आषाढात मुलगी झाली, चांगली हातभर, रडायला लागली की दुकानातली घड्याळं थांबतील अशी. सुटलेले अठरा रोजे मी दीड वर्षानं, तिचं दूध तुटल्यावर, थंडीत भरून दिले. दिवस लहान होते, फारसं काही वाटलं नाही.

आबा गेले त्याला आता पंधरा वर्षं झाली. अम्मा त्यांच्यामागून. आम्ही बारामतीला आलो, मी शिक्षिका झाले, मुलगी पुण्याला दवाखान्यात नोकरी करते. घरात गूळ येतो तो आता पुड्यातला, चौकोनी वड्यांचा.

तर त्या वासानं माझा पिच्छा सोडला नाही, आणि परवा, ईदेनंतरच्या पहिल्या रविवारी मी अंथुर्ण्याला गेले. तात्या आहेत अजून. नव्वदीच्या घरात, कानानं थोडे कमी, बाकी खणखणीत. गुऱ्हाळ नातू चालवतो. पत्र्याची नवी शेड, रसाला मोटर, ढेपांऐवजी छोट्या वड्या. मी काहिलीपाशी जाऊन उभी राहिले. नातवानं फावड्यावरची काकवी पाण्यात सोडली, बोटांत गोळी केली आणि लगेच काहील उतरवायला सांगितली. मी जुन्या तोऱ्यात विचारलं, "आणि चव कोण बघतं रे तुमच्याकडं?"

तो हसायलाच लागला. "काकू, चवीचा काय संबंध? गोडच असती की ती पहिल्यापासनं. गोळी बोटाला कळती. गुळव्याला जीभ लागतच न्हाय."

मी म्हटलं, हल्ली नसेल लागत. आबांच्या वेळी लागायची.

"तवाबी न्हाय," बाजेवरून तात्या म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. त्यांच्या हातात चहाचा कप होता. तात्या, तुमची साखर, मी म्हटलं. ते म्हणाले, "मला कुठली साखर. तवाबी नव्हती, आताबी न्हाय. ह्यो गुळाचाच चहा हाय." मग त्यांनी नातवाला कामाला पिटाळलं आणि मला शेजारी बसवून सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळीच आबांनी त्यांना विचारलं होतं, सुनेच्या हातानं एक काहील बिघडली तर चालेल का. तात्या म्हणाले होते, दोन बिघडू दे. माझ्या पहिल्या गोळीलाच गूळ झाला होता. मी कच्चा म्हटलं तेव्हापासून तात्यांना हसू आवरत नव्हतं, म्हणून शेवटी त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. आबा मात्र हलले नाहीत. अख्ख्या तालुक्यात ज्याच्या हाताखालून काळी ढेप गेली नव्हती, तो माणूस माझ्या शब्दावर काहील जळताना बघत उभा राहिला.

मी हसले. मग हसता हसता माझा चेहरा वाकडा झाला असणार, कारण तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, अजून एक हाय, पण कासमभाईनं घरात सांगू नको म्हटलं होतं. आता तो नाही आणि मीही किती दिवस आहे, म्हणून सांगतो.

"ईद झाली, तू म्हायेरी गेलीस. दुसऱ्या दिवशी मी त्याला चहा दिला तर नगं म्हनला, रोजा हाय. मी म्हनलं, भाई, ईद तर काल झाली, आता कसला रोजा? तर म्हनला, रोज्याच्या तोंडानं पोरीशी खोटं बोललो, तात्या. त्ये रोजे मला माझे म्हनवत न्हाईत. जेवढे दिस बोललो तेवढे पुन्ना धरतो."

अम्मांना ठाऊक असणार. पहाटे त्यांनीच उठून भाकरी करून दिली असणार, आणि त्याही मला न सांगता गेल्या. कुठल्याही मौलानांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, कासमभाई, जीव वाचवायला बोललात, याची काही गरज नाही. पण आबांनी कुणाला विचारलंच नाही.

अठरा दिवस. चैत्राच्या उन्हात, पेटत्या चुलवाणापुढे. मी तेव्हा बारामतीत आईच्या घरी पंख्याखाली पाय पसरून मीठ लावलेल्या कैऱ्या खात होते.